जनगणनेचे आकडे आणि ०.९८ चा मोह

सयाजीराव महाराजांनी १९०६ साली बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, हे आपण सगळेच अभिमानानं सांगतो. ते आकड्यांनी सिद्ध करावं, म्हणून मी मंडळाच्या एका बैठकीत दर दहा वर्षांच्या शाळा आणि साक्षर माणसं समोरासमोर मांडली. सहसंबंध इतका झकास आला की टाळ्या पडल्या. मग मागच्या रांगेतले एक निवृत्त मास्तर म्हणाले, "अहो, याच वर्षांत मोटारीही वाढल्या. त्यांनी शिकवलं का लोकांना?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सगळी नोकरी आकडेमोडीत गेलेला माणूस मी, त्यामुळे जरा लागलंच. त्यानंतर जे शिकलो ते इथे मांडतो. उदाहरण मुद्दाम सगळ्यांना तपासता येईल असं, अखिल भारतीय जनगणनेचं घेतलं आहे.

लोकसंख्या (कोटी) आणि साक्षरता (टक्के) अशा जोड्या:
१९०१: २३.८४ आणि ५.३५
१९११: २५.२१ आणि ५.९२
१९२१: २५.१३ आणि ७.१६
१९३१: २७.९० आणि ९.५०
१९४१: ३१.८७ आणि १६.१०
१९५१: ३६.११ आणि १८.३३

हे दोन स्तंभ लिब्रऑफिस कॅल्कमध्ये भरा आणि 'कोरेल' हे सूत्र लावा. उत्तर ०.९८ येतं. हा पिअर्सनचा गुणांक. तो उणे १ ते अधिक १ यांच्या मध्येच राहतो आणि ठिपके सरळ रेषेच्या किती जवळ आहेत एवढंच सांगतो. 'आर' ही फुकट मिळणारी प्रणाली 'कॉर.टेस्ट' या आज्ञेनं शिवाय पी-मूल्यही देते. इथे ते सुमारे ०.०००४ आहे. म्हणजे दोघांत मुळात काही संबंध नसता, तर निव्वळ योगायोगानं इतका किंवा याहून मोठा गुणांक दहा हजारांत चारेक वेळाच आला असता. स्पिअरमनची पद्धत आकड्यांऐवजी त्यांचे क्रमांक वापरते, तिनंही ०.९४ येतं. (१९१८ च्या इन्फ्लुएन्झानं १९२१ ची लोकसंख्या घटली, तेवढाच क्रम चुकतो.)

मग काय, माणसं वाढली म्हणून साक्षरता वाढली?

गोम अशी की पी-मूल्याचं गणित प्रत्येक जोडी स्वतंत्र आहे असं धरून चालतं. पण १९४१ ची लोकसंख्या १९३१ च्याच खांद्यावर उभी असते. काळाबरोबर चढत जाणाऱ्या कुठल्याही दोन गोष्टी घ्या, गुणांक मोठाच येणार. मास्तरांच्या मोटारी त्यातल्याच. यूल या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञानं १९२६ साली हेच दाखवलं होतं: इंग्लंड-वेल्समधल्या एकूण लग्नांत चर्च ऑफ इंग्लंडच्या लग्नांचं प्रमाण आणि तिथला मृत्युदर, १८६६ ते १९११, सहसंबंध ०.९५! चर्चमधली लग्नं थांबवली तर माणसं अमर होतील, असं काही कुणी म्हणणार नाही.

यावर पहिला उपाय सोपा आहे. मूळ आकडे न घेता दर दशकातली वाढ घ्या. 'आर'मध्ये 'डिफ' लिहिलं की झालं. आपल्या सहा जोड्यांच्या पाच होतात आणि ०.९८ चा गुणांक ०.६४ वर उतरतो. पी-मूल्य सुमारे ०.२४. पाच जोड्यांना नेहमीची पाच टक्क्यांची कसोटी ओलांडायला ०.८७८ तरी हवा. म्हणजे संबंध नाही असं सिद्ध झालं का? तेही नाही. पाच जोड्यांत तेवढं सांगण्याची ताकदच नसते.

आणखी एक, आणि हे सॉफ्टवेअर कधीच सांगत नाही. जनगणनेच्या तक्त्याखालची टीप वाचा. १९५१ ची १८.३३ टक्के साक्षरता पाच वर्षांवरील लोकांची आहे. तान्ही बाळं भाजकातून वगळली की टक्का आपोआप वर जातो. तेव्हा आकडे जोडण्याआधी पाया एकच आहे ना, ते बघावं.

बडोद्याच्या प्रश्नाकडे आता मी वेगळ्या बाजूनं वळलो आहे. सक्तीचा प्रयोग आधी १८९३ मध्ये अमरेलीत झाला, राज्यभर १९०६ मध्ये. म्हणजे एकाच जनगणनेत अमरेली आणि सक्ती उशिरा पोचलेले तालुके शेजारी ठेवून बघता येतील. तिथे 'काळ' हा लबाड तिसरा गडी मध्ये येत नाही. अमरेली आधीच पुढारलेली होती का, हा प्रश्न मात्र उरतोच, म्हणून १८९१ चे आकडेही सोबत हवेत. ते तक्ते उतरवून घेतोय. मास्तरांनी पडताळणीला बसायचं कबूल केलं आहे.