बसून राहणारी माणसं

जानेवारी २०२५ मध्ये मोहन हिराबाई हिरालाल गेले. त्यानंतर काही महिन्यांनी नागपुरात निधी देणाऱ्या एका संस्थेच्या बैठकीला जाण्याचा योग आला. पडद्यावर तक्ता होता : ग्रामसभा सक्षमीकरण, साठ गावं, अठरा महिने. गावामागे तीन बैठका आणि प्रत्येक बैठकीचा फोटो ठिकाणाच्या नोंदीसह मोबाइलवरून अपलोड करायचा. पहिल्याच पानावर प्रेरणास्थान म्हणून मोहनभाऊंचं नाव. ज्या माणसाने मेंढा नावाच्या एका गावाची सोबत तीन दशकांहून अधिक काळ सोडली नाही, त्याचं नाव घेऊन साठ गावं दीड वर्षात उरकायची, हे मला झोंबलं. अजून झोंबतंय.

मेंढा ज्या जिल्ह्यात आहे तो गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. हेमलकशाचा लोक बिरादरी प्रकल्प त्याआधीचा, १९७३ चा. अभय आणि राणी बंग आले १९८६ मध्ये. या कामांवर पुस्तकं आली, हेमलकशावर तर सिनेमाही निघाला, पुरस्कारांची यादी शाळकरी मुलांनाही पाठ आहे. ती कामं मोठीच आहेत, पण त्यांच्याविषयी मी इथे थांबत नाही. मला लिहायचंय ते ज्यांच्याकडे दाखवायला दवाखाना नव्हता, शाळा नव्हती, इमारतच नव्हती, अशा माणसांविषयी.

त्यांची सुरुवात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणमच्या धरणांविरुद्धच्या आंदोलनातून झाली. 'जंगल बचाव, मानव बचाव' म्हणत ऐंशीच्या दशकात हजारो आदिवासी रस्त्यावर उतरले आणि धरणं मागे पडली. मोर्चे संपल्यावर बहुतेक कार्यकर्ते पुढच्या मोर्चाकडे वळले. जयप्रकाश नारायणांच्या छात्र युवा संघर्ष वाहिनीतून आलेल्या मोहनभाऊंनी मात्र १९८४ मध्ये वृक्षमित्र ही संस्था उभी केली आणि असं गाव शोधायला लागले, जे स्वतःचे निर्णय स्वतः घ्यायला तयार आहे. धानोरा तालुक्यात कठाणी नदीजवळ शंभराच्या आसपास घरांचं मेंढा सापडलं आणि त्याच गावचे देवाजी तोफा भेटले. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा पुढे देशभर गेली.

माझं दशक त्यानंतरचं, नव्वदचं. धानोरा-कुरखेडा पट्ट्यातल्या एका लहान संस्थेत मी तेव्हा काम करत होतो. पाचसहा जण होतो. भाड्याची खोली, दोन सायकली, पावसाळ्यात प्रत्येकाला आळीपाळीने मलेरिया. मेंढ्याला आम्ही जायचो ते शिकायला, कारण तिथे चाललं होतं तसं काही आम्ही कुठे पाहिलं नव्हतं.

तिथे अभ्यासगट बसायचा. ग्रामसभा वेगळी, अभ्यासगट वेगळा. ग्रामसभेत निर्णय व्हायचा, अभ्यासगटात फक्त समजून घ्यायचं. बाहेरच्या माणसाने माहिती द्यावी, प्रश्न विचारावेत, निर्णयात तोंड घालू नये, हा दंडक. जंगल कुणाचं, असा प्रश्न निघाला की सरकारचं असं उत्तर यायचं. मग सरकार म्हणजे कोण, इथून सुरू व्हायचं ते रात्री उशिरापर्यंत चालायचं. गावकऱ्यांनी निस्तारपत्रक मिळवून वाचलं, तेव्हा कळलं की बांबू, जळाऊ लाकूड, चराई यांवर आपले हक्क कागदावर पिढ्यांपासून नोंदलेले आहेत. ज्या बांबूसाठी वनखात्याच्या नाकेदाराच्या हातापाया पडायचं, तोच बांबू कागद कारखान्याला ट्रकच्या ट्रक जातो, आणि त्यातलं काही आपल्या हक्काचं आहे असं आजवर कुणी सांगितलं नाही, हेही कळलं. मधमाश्या न मारता, पोळं न जाळता मध कसा काढायचा, यावरसुद्धा अभ्यासगट बसला होता.

ग्रामसभेत बहुमत चालायचं नाही, सर्वसहमतीच लागायची. एकाने जरी 'मला पटलं नाही' म्हटलं, तरी विषय पुढच्या बैठकीला. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एका संध्याकाळी सगळे एका बाजूला आणि मागच्या ओळीतली एक म्हातारी दुसऱ्या बाजूला. कुणी तिच्यावर ओरडलं नाही, कुणी हसलं नाही. ती गोंडीत सावकाश बोलत राहिली. मोहनभाऊ भिंतीला टेकून, वही मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी मध्ये पडून गाडी पुढे ढकलली नाही. विषय तहकूब झाला आणि लोक उठले. पुढच्या खेपेला ठराव झाला तो तिच्या सुधारणेसह. १९९२ मध्ये संयुक्त वनव्यवस्थापनाची योजना महाराष्ट्रात आली, तेव्हा तुटलेल्या जंगलापुरतीच ती असताना उभ्या नैसर्गिक जंगलासाठी मेंढ्याने ती मागितली आणि मिळवली. त्या यशाच्या मुळाशी अशा कित्येक तहकूब संध्याकाळी आहेत.

आम्हीही आमच्या गावांत तसं बसायला लागलो. पैसे देणाऱ्यांना ते उमगलं नाही. शहरातल्या एका निधीसंस्थेचे अधिकारी आले, दोन दिवस राहिले आणि लाभार्थी किती ते विचारून गेले. पुढच्या वर्षीचा निधी 'दृश्य परिणाम नाहीत' या शेऱ्यासह थांबला. त्या शेऱ्याचा राग माझ्या मनात आजही ताजा आहे, कारण त्याच वर्षी आमच्या एका गावातल्या बायांनी फडावर उभं राहून बिडीपत्त्याचे, म्हणजे तेंदूपत्त्याचे, पुडे स्वतः मोजून घ्यायला सुरुवात केली होती. सत्तर पानांचा पुडा. कंत्राटदाराचा मुनशी पुडे नाकारायचा, बाद म्हणून बाजूला काढायचा आणि नंतर तेच पोत्यात भरायचा. बायांनी बाद पुडे घरी परत न्यायला सुरुवात केली, तेव्हा बाद होणं एकदम कमी झालं. याहून दृश्य परिणाम कोणता हवा होता? पण अहवालाच्या नमुन्यात त्याला रकाना नव्हता.

शहरातली वर्तमानपत्रंही तशीच. गडचिरोलीची बातमी व्हायची ती भूसुरुंग फुटला की. मेंढ्यावर लिहिलेला माझा मजकूर एका संपादकांनी 'यात घडलंय काय?' म्हणून परत केला होता. गाव मात्र दोन बाजूंच्या मध्ये सापडलेलं. रात्री दादालोक, म्हणजे नक्षलवादी, येऊन विचारायचे की बैठका कशाच्या घेता, सकाळी पोलीस येऊन तोच प्रश्न विचारायचे. आमच्यातल्या एकाला दोन्हीकडून बोलावणं आलं होतं. त्याने दोन्हीकडे एकच उत्तर दिलं : बैठक उघड्यावर होते, येऊन बसा. गोंडी तो इतकी सुंदर बोलायचा की अनोळखी गावात त्याला आधी त्याचं गोत्र विचारत. निधी थांबल्यावर तो दीड वर्ष तसाच राहिला. मग घरची जबाबदारी आली आणि एका पतसंस्थेत नोकरीला लागला. त्याच्याबरोबर जी समज त्या पट्ट्यातून गेली, ती परत आलेली मला दिसली नाही.

पुढचा काळ यशाचा, म्हणून लोकांना माहीत असलेला. २००६ चा वनहक्क कायदा. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या दाव्यांपैकी एक. बांबू हे गौण वनोपज आहे असं कायद्यात स्वच्छ लिहिलेलं असूनही वाहतूक परवान्यावरून अडवणूक चालू राहिली. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक देवाजीभाऊंच्या हाती दिलं. पुढच्या वर्षी नियमच बदलले आणि ग्रामसभांना वाहतूक परवाने देण्याचा अधिकार मिळाला. मिलिंद बोकिलांचं 'गोष्ट मेंढा गावाची' आलं. २०१३ मध्ये गावाने १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली आपली शेतजमीन ग्रामसभेच्या नावे करण्याचा निर्णय घेतला. त्या दिवसांत ज्यांनी फोटो काढून घेतले, त्यांतल्या फारच थोड्यांनी नव्वदच्या दशकात तिथे एक संध्याकाळ घालवली असेल.

आज गडचिरोलीत हजाराहून अधिक ग्रामसभांकडे जंगलाचे हक्क आहेत. तेंदूपत्त्याचा लिलाव ग्रामसभा करतात, करारनाम्यावर ग्रामसभेची सही असते. काही ठिकाणी कंत्राटदारांनी पैसे थकवले, बुडवले. करारनामा गावासोबत बसून ओळ न् ओळ वाचणारा माणूस आज हवा आहे, पूर्वीपेक्षा जास्त हवा आहे. सुरजागडला लोहखाण सुरू होऊन आता बरीच वर्षं झाली. जनसुनावणीची नोटीस आली की तिच्यासोबतचा जाडजूड अहवाल कुणी समजावून सांगायचा?

नेमक्या याच वेळी अशी माणसं ठेवणं अशक्य झालंय. परदेशी निधीच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने त्या निधीतल्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली आणि मोठ्या संस्थेने लहान संस्थेला तो निधी देणं बंद केलं. धानोऱ्याच्या खोलीत चालणाऱ्या संस्था अशाच पैशांवर जगत होत्या. कंपन्यांचा सीएसआर निधी आला, पण त्याचा प्रकल्प सुरुवातीचं वर्ष सोडून फार तर तीन वर्षांचा. त्याला बंधारा चालतो, सौरदिवे चालतात, शिलाई मशीन चालतं, कारण त्यावर पाटी लावता येते. अभ्यासगटावर पाटी कुठे लावणार? मग जी पोरं या कामात येतात ती हुशार असतात, तळमळीची असतात, पण त्यांचा अर्धा दिवस फोटो चढवण्यात आणि तक्ते भरण्यात जातो. बैठक रंगात येते तेव्हा त्यांना पुढच्या गावाची गाडी पकडायची असते. दोष त्यांचा नाही. अकरा महिन्यांच्या करारावर माणूस गोंडी कधी शिकणार?

त्या नागपूरच्या बैठकीत मी बोललो. साठ गावं नकोत, पाच घ्या. पाच गावांमागे दोन माणसं, दहा वर्षांच्या पगाराची हमी, पहिली तीन वर्षं एकही तक्ता नाही आणि काम झालं की नाही ते त्या ग्रामसभेलाच विचारा. दहा वर्षांचा कागद आमच्याकडे मंजूर होत नाही, असं उत्तर मिळालं. तेव्हा हे इथे छापील मांडतोय. ज्यांच्या नियमांत तो बसतो त्यांनी पुढे यावं, गावं दाखवायला मी सोबत येईन.