श्रावणाची सायंकाळ आणि कमरेचा घेर

आषाढी अमावास्येचे दीपपूजन झाले, की घराघरांतून श्रावणाची चाहूल लागते. देवघरात जिवतीचा नवा कागद लागतो. सोमवारी शिवामूठ, मंगळवारी मंगळागौर, शुक्रवारी पुरणाचा नैवेद्य, शनिवारी जेवावयास मुंजा मुलगा, असा वारांचा क्रम सुरू होतो आणि सायंकाळी कहाण्यांचे पुस्तक उघडते. वर्षातील सर्वांत अधिक उपवास ह्याच महिन्यात घडतात. तरीही कित्येक घरांतून असा अनुभव ऐकू येतो, की श्रावण संपता संपता अंगावरचे कपडे सैल होण्याऐवजी घट्टच झालेले असतात. चार सोमवार उपाशी राहून मेद वाढावा, हे कोडे आहे खरे. परंतु ते सोडविणे फारसे कठीण नाही. व्रताचे नाव राहिले, व्रताची सायंकाळ मात्र आपल्या हातून निसटली.

कृश दिसणारे स्थूल

मेदोवृद्धीचा विचार आपल्याकडे नवा नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अतिस्थूल आणि अतिकृश ह्या दोघांचाही निंदित शरीरांत समावेश केला आहे आणि त्यांतही अतिस्थूलाची स्थिती अधिक बिकट म्हटली आहे. आयुष्य घटणे, हालचाल मंदावणे, दुर्बलता, अति घाम, अति भूक, अति तहान असे दोष तेथे सांगितले आहेत. त्यावर आचार्यांनी उपाशी राहण्याचा सरसकट उपदेश केलेला नाही. पोटाला भार देणारे परंतु पोषण माफक करणारे अन्न द्यावे, असे त्यांचे सूत्र आहे. जव, मूग, कुळीथ, ताक, आवळा ही त्या यादीतील नावे आपल्या स्वयंपाकघरात आजही आहेत.

‘आमच्या घरात कोणी लठ्ठ नाही’ असे म्हणून ज्यांना हा विषय बाजूस सारावासा वाटेल, त्यांनी पुण्यातील एक गोष्ट ध्यानी घ्यावी. तेथील केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन ह्या दोघा मित्रांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने वजन काढण्याचा जो निर्देशांक असतो, तो दोघांचाही २२.३, म्हणजे अगदी सारखा. परंतु युडकिन ह्यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! वजनकाटा दोघांना एकच माप देत होता. आपल्या लोकांची चरबी हातापायांवर न दिसता पोटात, आतड्यांभोवती आणि यकृतात साठते. म्हणून भारतीय पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असे वैद्यकशास्त्र मानते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोक मधुमेही आहेत आणि आणखी सुमारे साडेतेरा कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. ह्यांतील एखादा तरी आपल्या पंगतीला बसलेला असतो.

नक्त आणि रात्रीचे दहा

धर्मशास्त्राने उपवासाच्या पायऱ्या फार समजूतदारपणे लावल्या आहेत. दिवसा एकदाच जेवणे ते एकभुक्त. दिवसभर न जेवता सायंकाळी एकदाच जेवणे ते नक्त. न मागता मिळेल तेवढेच घेणे ते अयाचित. काहीच न घेणे ते उपोषण. चातुर्मासात काहीजण धारणे-पारणे करीत, म्हणजे एक दिवस उपवास आणि एक दिवस भोजन. ह्या सर्वांत सामान्य गोष्ट एकच, की जेवणांची संख्या घटते. श्रावणी सोमवारी शाळा लवकर सुटत, त्या ह्याचसाठी. दिवेलागणीच्या सुमारास पाने मांडली जात आणि सोमवार सुटला, की त्या दिवशीचे खाणे संपले.

आज काय होते? सकाळी खिचडी, दुपारी वेफर्स आणि दाण्याचा लाडू, चार वाजता केळ्याची शिकरण, आणि घरचे कर्ते माणूस नोकरीवरून परतल्यावर रात्री दहाच्या सुमारास गोडाधोडासह ‘सोमवार सोडणे’. त्यानंतर लगेच अंथरूण. नेहमीच्या दिवशी दोन वेळा जेवणारा मनुष्य उपवासाच्या दिवशी चार वेळा जेवतो. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण उगीच पडलेली नाही.

उशिरा खाण्याची हानी आता प्रयोगशाळेतही दिसून आली आहे. अमेरिकेतील बॉस्टन येथे, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सोळा वजनदार व्यक्तींना तेच अन्न, त्याच प्रमाणात, एकदा वेळेवर आणि एकदा सुमारे चार तास उशिरा देण्यात आले. उशिरा जेवताना त्यांची भूक वाढली, शरीराने खर्च केलेली ऊर्जा घटली आणि मेदपेशींचा कल चरबी साठविण्याकडे झुकला. प्रयोग लहान आहे. पण आपल्या आजीचे म्हणणे ह्याहून फारसे वेगळे नव्हते.

उपवासाच्या ताटातील परदेशी पाहुणे

येथे थोडे विषयांतर करण्याचा मोह होतो. उपवासाला ‘चालणारे’ म्हणून जे पदार्थ आपण निष्ठेने खातो, त्यांचे मूळ गाव कोणते? बटाटा, रताळे, शेंगदाणा, मिरची आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो कसावा, हे सारे अमेरिका खंडातून पोर्तुगीज आदी युरोपीयांच्या आगमनानंतर आपल्याकडे आले. व्रतांचे नियम सांगणाऱ्या प्राचीन ऋषींनी साबुदाण्याची खिचडी पाहिलेलीही नव्हती! ती खाऊ नये असे कोणी म्हणणार नाही. पण ती शास्त्राज्ञा आहे असा समज तरी नसावा.

हिशेबच मांडावयाचा तर एका मध्यम ताटलीतील खिचडीत साठ ग्रॅम साबुदाणा, पंचवीस ग्रॅम दाण्याचे कूट, दोन चमचे तूप आणि लहान बटाटा धरला, तरी सुमारे ४८० उष्मांक होतात. आणि साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नाहीतच, तो केवळ पिष्ट आहे. उलट ज्वारीची एक भाकरी, वाटीभर मुगाची आमटी आणि पालेभाजी मिळून सुमारे ३३० उष्मांक होतात आणि पोट अधिक काळ भरलेले राहते. श्रावणात पावसाने माळरानावर टाकळा, कुर्डू ह्या रानभाज्या उगवतात, त्या सायंकाळच्या पानात याव्यात. पुरणपोळी शुक्रवारी नैवेद्यापुरती. ती दुपारी खावी, रात्री नव्हे.

मंगळागौरीचा आखाडा

आहाराची बाजू ही झाली. परंतु आपल्या पूर्वजांनी, त्याहून आपल्या पूर्वज स्त्रियांनी, श्रावणाच्या सायंकाळीच श्रमाचीही योजना केली होती, हे आपण जवळजवळ विसरलो.

मंगळागौरीचे व्रत नववधू लग्नानंतर पहिली पाच वर्षे करते. सकाळी पत्री वाहून पूजा, मुक्याने जेवण, आणि सायंकाळच्या आरतीनंतर जागरण. हे जागरण बसून करावयाचे नसते! झिम्म्यात टाळीबरोबर पाऊल पुढेमागे जाते. फुगडीत पावले जुळवून, हात गुंफून मागे झुकावे लागते. गिरकी वाढेल तसा दंड, पाठ आणि मांड्यांवर ताण येतो. बसफुगडीत उकिडवे बसून एकेक पाय पुढे फेकावयाचा. पिंग्यात कमरेतून वाकून घुमावयाचे, कोंबड्यात बसूनच उड्या घ्यावयाच्या. व्यायामशाळेत जाऊन बैठका मारण्याची मुभा ज्या काळी स्त्रीला नव्हती, त्या काळी तिने माजघरातच बैठका मारल्या आणि त्यांना गाण्याची साथ दिली. रात्री फराळाला भाजणीचे वडे असत, तशीच मोड आलेल्या मटकीची उसळही असे.

आता शहरांतून सभागृह घेतात, खेळ करणाऱ्या भगिनींचा गट बोलावतात आणि निमंत्रित बायका खुर्च्यांवर बसून, हातात बटाटेवडा व जिलबीची बशी घेऊन ते पाहतात. खेळ जिवंत राहिला ह्याचा आनंद आहेच. पण घाम गटाचा आणि जिलबी आपली, ह्याने कमरेचा घेर कसा उतरावा?

पुरुषांना मंगळागौर नाही म्हणून त्यांची सुटका नाही. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी ह्यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार आयुष्यभर केला. ते सकाळी जमत नसतील तर संध्याकाळी, रिकाम्या पोटी घालावेत. तिसऱ्या श्रावणी सोमवारी त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीची सुमारे वीस किलोमीटरची प्रदक्षिणा हजारो भाविक पायी करतात. ती ज्यांना शक्य नाही त्यांनी गावातील शिवालयात तरी वाहनाने जाऊ नये.

सोसेल तेवढेच

अर्धा तास झपझप चालल्याने साधारण साठ-पासष्ट किलो वजनाच्या माणसाचे सुमारे १३० उष्मांक खर्च होतात. खिचडीची पाव ताटली तेवढ्यात वसूल होते. म्हणून केवळ चालून मेद उतरत नाही. चालण्याचे १३० आणि रात्रीच्या पानातून कमी केलेले २५०, असे रोजचे ३८० उष्मांक महिनाभर साधले, तर कागदावर दीड किलो चरबी घटते. शरीर कागदाइतके उदार नसते, थोडे कमीच देते. केवळ पोटावरची चरबी उतरविणारा व्यायामही जगात नाही. ती सर्वांगाबरोबरच उतरते.

तरीही श्रम वाया जात नाहीत. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन ह्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरील भारतीयांवर केलेल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात केवळ आहार आणि चालणे ह्यांनी मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला. विशेष म्हणजे त्या मंडळींचे वजन फारसे उतरलेही नव्हते.

व्यायाम जेवणापूर्वी करावा आणि जेवणानंतर शतपावली. ती शंभर पावलांवर थांबविण्याचे कारण नाही; दहा-पंधरा मिनिटे सावकाश फिरल्यास रक्तातील साखर फार चढत नाही. जेवून उठल्याबरोबर फुगड्या मात्र नकोत. अष्टांगहृदयात अर्ध्या शक्तीने व्यायाम करावा असे सांगितले आहे. गुडघे-कंबर दुखणाऱ्यांनी ते विशेष पाळावे. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याविना निराहार राहू नये. साखर एकाएकी उतरून जिवावर बेतू शकते. अशांनी दुपारी वरण-भात खाऊन सायंकाळी शिवाला बेल वाहिल्यास व्रतात उणेपणा येत नाही.

पहिल्या सोमवारी, काही खाण्यापूर्वी, बेंबीच्या पातळीवर कमरेभोवती एक दोरा धरावा, श्वास सोडून मापावा आणि तेथे गाठ मारून दोरा देवघराच्या खणात ठेवावा. पिठोरी अमावास्येला तोच दोरा पुन्हा धरावा. गाठ सैल पडली तर ठीकच. तेथेच राहिली, तर रात्री आठनंतर घरात काय काय खाल्ले जाते ते आठवडाभर लिहून काढावे. गणपती येतात ते त्यानंतर चारच दिवसांनी, आणि मोदक तर व्हायचेच असतात.