केस वाढतात हो, टिकत नाहीत!

‘माझे केस ना, खांद्याच्या खाली जातच नाहीत!’ हॉस्टेलच्या गॅलरीत, लोकलच्या लेडीज डब्यात किंवा कॉलेजच्या कट्ट्यावर हे वाक्य तुम्ही शंभर वेळा ऐकलं असेल. त्यावर मिळणारे सल्लेही पाठ झाले असतील. कांद्याचा रस लाव, बायोटिनच्या गोळ्या घे, दर महिन्याला टोकं काप म्हणजे भराभर वाढतील. (मॅन-बनच्या मागे लागलेल्या मुलांनो, तुम्हीही वाचा. तुमचे केस काही वेगळ्या मातीचे नाहीत.)

आता जरा आठवून बघा. केस कलर केल्यावर दोनेक महिन्यांत भांगाजवळ मूळचा काळा रंग इंचभर दिसायला लागतो की नाही? मग केस वाढत नाहीत, असं कसं म्हणायचं? डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे वर्षाला १२ ते १५ सेंटिमीटर. एकेक केस साधारण दोन ते सहा वर्षं वाढतो, मग गळतो आणि तिथेच नवा येतो. ही मुदत बरीचशी आनुवंशिक असते, त्यामुळे प्रत्येकीचे केस गुडघ्यापर्यंत पोहोचणार नाहीत, हे खरंच. पण गाडी वर्षानुवर्षं खांद्यापाशीच अडकली असेल, तर बहुतेक वेळा वरून केस वाढतोय आणि खालून तेवढाच तुटतोय. कंगव्यातला केस उजेडात धरून पाहा. एका टोकाला बारीक पांढरा ठिपका असेल, तर तो मुळापासून गळलेला. असे दिवसाला ५० ते १०० केस जाणं नॉर्मल आहे. आखूड, बिनठिपक्याचे तुकडेच जास्त असतील, तर केस तुटतायत.

का तुटतात? कारण टोकं म्हातारी असतात! अकरावीच्या अ‍ॅडमिशनच्या वेळी उगवलेला केस आज तुम्ही टीवायला असताना पाठीवर रुळतोय. चार वर्षांच्या रंगपंचम्या, स्विमिंग पूलचं क्लोरीन, प्रत्येक ट्रॅडिशनल डेचं स्ट्रेटनिंग हे सगळं त्याने सोसलंय. आणि डोक्याबाहेर आलेला केस जिवंत नसतो, तो स्वतःला दुरुस्त करत नाही. बाटलीवर ‘रिपेअर’ लिहिलेलं असतं ते बहुतांशी वरच्या गुळगुळीत थराबद्दल असतं. टोकं कापून मुळाशी वाढ वेगाने होत नाही. फाटा फुटलेलं टोक वर-वर चिरत जायचं तेवढं थांबतं.

कुरळ्या केसांचं दुखणं आणखी वेगळं. टाळूतून निघणारं तेल सरळ केसावरून सहज घरंगळतं, वळणावळणाच्या केसात ते टोकापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून कुरळी टोकं कायम कोरडी. त्यात आपल्याकडे कुरळ्या केसांना ‘विंचरलेले’ समजतच नाहीत. शाळेत घट्ट दोन वेण्या, वर्गात ‘मॅगी’ हे नाव आणि प्लेसमेंटच्या आधी कुणीतरी काळजीच्या सुरात सांगणार, ‘इंटरव्ह्यूला जरा स्मूदनिंग करून जा.’ मला हा सल्ला मनापासून खटकतो. कोरडे कुरळे केस जोरजोरात विंचरायला लावायचे, ते तुटले की ‘तुझे केसच वाईट’ म्हणायचं आणि मग इलाज म्हणून पार्लरचं हजारोंचं बिल!

तिथे होतं काय, तेही समजून घ्या. रिबाँडिंगमध्ये केसाला आकार देणारे आतले रासायनिक बंध तोडून ते सरळ आकारात पुन्हा जोडतात. तेवढा केस कायमचा बदलतो, मुळातून मात्र पुन्हा कुरळाच येतो. काही केराटिन ट्रीटमेंट्समध्ये गरम इस्त्रीखाली फॉर्मल्डिहाइड वायू बाहेर पडतो आणि तो कॅन्सरला कारणीभूत पदार्थांच्या यादीत आहे. करायचंच असेल, तर बाटलीवरचे घटक तरी वाचा.

ज्या मैत्रिणी हे सोडून मूळचे केस परत वाढवतायत, त्यांची खरी परीक्षा असते वर कुरळं, खाली सरळ अशा मधल्या काळात. दोन्ही जिथे भेटतात, तिथेच केस पटकन तुटतो. एकदम आखूड कापायचं धाडस असेल तर उत्तम. नसेल तर तीन महिन्यांत वाढलेल्या तीन-साडेतीनपैकी दोन सेंटिमीटर कापत जा, लांबी जाणार नाही. खांद्यापर्यंत पूर्ण मूळचे केस यायला अंदाजे दोन वर्षं धरा.

रोजचं म्हणाल तर कुरळे केस कंडिशनर लावलेले असतानाच सोडवा, मोठ्या दातांच्या कंगव्याने, टोकापासून वर. ओला केस ताणला जातो आणि लवकर तुटतो, म्हणून ओढाओढ नको. टॉवेलने खसाखसा पुसण्याऐवजी जुन्या टी-शर्टात गुंडाळा. ओल्या केसांवर स्ट्रेटनर तर अजिबातच नको, आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात अक्षरशः बुडबुडे तयार होतात. हॉस्टेलला बोअरचं पाणी असेल तर साबणाची वडी केसांना लावू नका, तिचा चिकट थर बसतो. झोपताना सैल वेणी घाला. आईच्या जुन्या रेशमी साडीचा उशीला अभ्रा शिवलात, तर घर्षणही कमी होईल.

आणि आजीचं खोबरेल? मुंबईत मॅरिकोच्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवलं की खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. सूर्यफूल आणि मिनरल ऑइलने ते साधलं नाही. (ही कंपनी खोबरेलच विकते, हे लक्षात असू द्या!) म्हणजे न्हाण्याआधी तेल लावायची पद्धत बरोबरच होती. वाढीचा वेग मात्र तेलाने बदलत नाही. कोंडा असेल तर रात्रभर तेल ठेवू नका.

मुठीने केस मुळापासून जात असतील, तर मामला वेगळा. डेंग्यू, मोठा ताप किंवा क्रॅश डाएटनंतर दोन-तीन महिन्यांनी अशी गळती सुरू होते आणि बहुतेकदा आपोआप थांबते. लोह कमी असणं हेही एक कारण असू शकतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. तेव्हा महागड्या सीरमआधी डॉक्टरांना विचारून हिमोग्लोबिन आणि फेरिटिन तपासा. बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी तसं सांगा, त्याने थायरॉइडसारख्या चाचण्यांचे आकडे चुकू शकतात.

प्रगती मोजायचीय? मग रोज आरसा बघून उपयोग नाही. सुकलेली कुरळी बट आक्रसून निम्मीसुद्धा दिसते. केस ओले असताना मानेमागची एक बट हलकेच सरळ धरा, टेपने मोजा, तारीख लिहून ठेवा. पुढचं माप थेट तीन महिन्यांनी.