डोंगरउतारावरील घर

गोव्यात डोंगरउतारावर घर बांधू इच्छिणाऱ्या कुटुंबाचे लक्ष प्रथम दूरच्या समुद्राकडे जाते. वास्तविक ते पायाखालच्या मातीकडे जावयास हवे. उतार कापून सपाट अंगण काढले की वरच्या मातीचा आधार सुटतो. पावसाळ्यात पाणी मुरून ती जड होते आणि घराच्या मागील भिंतीवर येते. येथे वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो व तोही बहुतांशी चार महिन्यांतच. नगर व ग्राम नियोजन कायद्याच्या कलम १७-अ अन्वये पूर्वपरवानगीविना डोंगरकापणीस मनाई आहे, ती याच कारणास्तव. वृक्षतोडीस १९८४ चा वृक्षसंरक्षण कायदा लागू आहे.

घर उताराच्या कलाने दोन-तीन पातळ्यांवर बसवावे. जोते जांभ्या चिऱ्याचे व छप्पर मंगळुरी कौलांचे असावे. पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्यात. वरच्या अंगास चर खणून डोंगराचे पाणी बाजूच्या नैसर्गिक ओहोळात सोडावे. माती अडविणाऱ्या भिंतीत पाणी निघण्यास भोके ठेवावीत, अन्यथा जाडजूड भिंतही फुगते. खर्च वाचविण्यासाठी नेमकी हीच भोके गाळली जातात!

राहिला देखावा. समुद्र पश्चिमेस, आणि पावसाचा मारा व दुपारचे ऊनही तिकडूनच. त्या बाजूस सलग काच बसविण्यापेक्षा खोल ओसरी बरी. झाडे तोडण्याचेही कारण नाही. खालच्या मोजक्या फांद्या छाटल्या तरी खोडांमधून समुद्र दिसतो आणि मुळे माती धरून राहतात.