पिनबॉल यंत्रातील दिवे : खेळ दाखवणारे की झाकणारे?

पिनबॉलचे यंत्र आपल्याकडे क्वचितच दिसते. पण अमेरिकेत, मुख्यतः शिकागोच्या आसपास, त्याची कारखानदारी आजही चालू आहे. काचेखाली सुमारे साडेसहा अंशांच्या उताराची लाकडी फळी, तिच्यावर 80 ग्रॅम वजनाचा पोलादी गोळा, आणि तो खाली गळू नये म्हणून बटणावर हलणारे फ्लिपर. हे फ्लिपर 1947 साली आले. त्याआधी गोळा सोडला की पुढचे बहुतेक नशिबावर.

यात जुगार नाही काय, असे वाचक विचारतील. न्यूयॉर्क शहराने हेच म्हणून 1942 मध्ये बंदी घातली होती. 1976 मध्ये रॉजर शार्प यांनी गोळा कोणत्या वाटेने जाईल ते आधी सांगून तसा सोडून दाखवला आणि बंदी उठली. म्हणजे खेळाची इभ्रत कसबावर आहे, आणि गोळा दिसला तरच कसब.

दिवे दोन प्रकारचे. काही फळीवर उजेड पाडतात. काही फळीतच रंगीत प्लास्टिकखाली बसवलेले असतात व ‘आता इथे मार’ असे सांगतात. 1990 च्या दशकातील विल्यम्स यंत्रांत असे 64 दिवे आठ-आठच्या गटांनी आळीपाळीने लागत. बल्ब 6.3 व्होल्टचा, पण त्याला क्षणभरच 18 व्होल्ट मिळत. तार मधल्या वेळात गरम राही, म्हणून उजेड स्थिर वाटे. त्याच जागी एलईडी लावला की तो लगेच विझतो व डोळ्यांना लुकलुकतो. फायदाही मोठा आहे: बल्बच्या उष्णतेने प्लास्टिक खराब होई, जादा करंटने जोडण्या जळत, एलईडीने दोन्ही वाचतात.

2013 मध्ये जर्सी जॅक कंपनीच्या ‘विझार्ड ऑफ ऑझ’मध्ये रंग बदलणारे एलईडी आले. मग चढाओढ लागली. स्टर्नने महागड्या यंत्रांत पेटीच्या आतल्या बाजूंनाही दिवे बसवले. जुने खेळाडू कुरकुरतात, की ऐन रंगात फळी काळोखी होते, दिवे फडफडतात आणि गोळा हरवतो. दुसरे म्हणतात, झगमगाट नसेल तर यंत्राकडे वळणार कोण? आमच्या मते रोषणाई करावी, पण गोळा एखाद्या भोकात किंवा चुंबकाने अडला असताना. तो धावू लागला की फळीचा उजेड कायम हवा. कशामुळे हरलो हे न कळलेले गिऱ्हाईक दुसरे नाणे टाकत नाही.

इशारे मोजके असणेही महत्त्वाचे. 1992 च्या ‘ॲडम्स फॅमिली’त वाड्याच्या खोल्यांपैकी जिचा दिवा लुकलुकतो तीच पुढे मिळणार, हे नवख्यालाही समजते. ही यंत्रे 20 हजारांहून अधिक बनली.

जुने यंत्र एलईडीवर नेणाऱ्या कारागिराने सारे बल्ब एकदम काढू नयेत. फळीच्या उजेडासाठी निळसर नव्हे, पिवळट पांढरे एलईडी घ्यावेत. आठ-दहा लावून खोली अंधारी करावी आणि पाच-सहा डाव खेळून पाहावेत.