भाऊ, एक फोन करी द्या ना!

ॲडमिशनची शेवटची तारीख तोंडावर आलेली आणि उत्पन्नाचा दाखला काही हातात येत नव्हता. तीन चकरा झाल्या. चौथ्या दिवशी मित्र म्हणाला, 'येडा आहेस का? भाऊंना सांग ना.' सांगितलं. भाऊंनी फोन लावला आणि संध्याकाळी दाखला घरी! मी एवढा खूश, की भाऊंच्या वाढदिवसाच्या बॅनरवर माझाही फोटो लागला. खालची रांग, डावीकडून सातवा.

आता वाटतं, आपण आभार नेमके कशाचे मानले? दाखला तर माझ्या हक्काचाच होता!

मोठ्या माणसाच्या आधाराची सवय आपल्या अमळनेरला जुनीच. प्रताप शेठजींच्या पाठबळावर १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं. १९४५ मध्ये सुरू झालेल्या कॉलेजलाही त्यांचंच नाव. पण फरक बघा. शेठजी गेले, संस्था राहिल्या. भाऊंचा फोन मात्र भाऊंची खुर्ची आणि आपली निष्ठा टिकेल तोवरच लागतो.

शिवाय तो फोन एकट्याचं काम करतो, गावाचं नाही. तापीवरचं पाडळसरे धरण दोन दशकांहून जास्त काळ रखडलं. विप्रोची सुरुवात १९४५ मध्ये इथेच झाली, पण आज आपली पोरं नोकरीसाठी पुण्याची नाहीतर सुरतची गाडी धरतात. त्यासाठी कोण कुणाला फोन करणार?

आणि 'आपला माणूस आहे, विचारायचं कशाला' ही सवय शहराला किती महागात पडते, ते जळगावला विचारा. तिथे गरिबांसाठी ११ हजारांहून जास्त घरकुलं बांधायची होती. कर्ज काढलं गेलं, ठेकेदाराला पैसे गेले, बरीचशी घरं अर्धवट राहिली. २००६ मध्ये तेव्हाचे आयुक्त प्रवीण गेडाम यांनी पोलिसांत तक्रार दिली. ३१ ऑगस्ट २०१९ ला धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवलं. माजी मंत्री सुरेश जैन यांना ७ वर्षांची शिक्षा आणि १०० कोटींचा दंड झाला. पुढे अपिलं झाली, जामीन मिळाले. पण ज्यांना घर मिळणार होतं, त्यांची वर्षं कोण परत देणार? दोषी ठरलेल्यांत नगरसेवक कितीतरी होते. म्हणजे प्रश्न विचारण्यासाठी ज्यांना निवडून दिलं, तेच.

मग आपण काय करायचं? फार मोठं काही नाही. २०१५ पासून राज्यात लोकसेवा हक्क कायदा आहे. कुठला दाखला किती दिवसांत द्यायचा, हे ठरलेलं असतं आणि त्याचा बोर्ड ऑफिसात लावावाच लागतो. मुदत टळली तर अपील करता येतं, अधिकाऱ्याला दंडही होऊ शकतो. रस्त्याचा, गटारीचा हिशोब हवा असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. बॅनरपेक्षा कितीतरी स्वस्त!

यंदा धाकट्या बहिणीला दाखला हवा होता. घरचे म्हणाले, 'भाऊंना सांगून दे.' ती म्हणाली, 'आधी अर्ज तर करू दे.' अर्जाची पावती तिने मोबाईलच्या कव्हरमध्ये जपून ठेवली. मुदत संपायच्या आत दाखला आला.

बॅनरवर तिचा फोटो नाही. कुणाचे उपकारही नाहीत.