चकचकीत आरोपी

रोवणीच्या दिवसांत सालेकसा-दरेकसा रस्त्यावर किंवा हाजरा फॉलजवळ उभ्या असलेल्या मोटरसायकली पाहा. बऱ्याच गाड्यांच्या पुढच्या डिस्कला भोकं असतात. पोरांना ती शोभेची वाटतात. खरं तर ती एका जुन्या तपासातून आली आहेत.

1969 साली होंडाची सीबी 750 आली आणि मोठ्या संख्येने बनणाऱ्या मोटरसायकलला पहिल्यांदा हायड्रॉलिक डिस्क ब्रेक मिळाला. कोरड्या रस्त्यावर त्याचं कौतुकच कौतुक. पुढे डिस्क वाढल्या आणि पावसातल्या तक्रारीही वाढल्या. लिव्हर दाबावा, तर क्षणभर काहीच नाही. चालक घाबरून आणखी दाबतो, तेवढ्यात पाणी पुसलं जातं, ब्रेक एकदम धरतो आणि पुढचं चाक जाम! ताशी 60 किलोमीटरला गाडी एका सेकंदात जवळपास 17 मीटर जाते. तेवढ्यात समोर म्हैसही येऊ शकते.

दोष कुणाचा? ब्रेक ऑइलचा नव्हे. लिव्हर घट्ट लागत होता, म्हणजे दाब पॅडला डिस्कवर आवळणाऱ्या कॅलिपरपर्यंत पोचत होता. पाण्याचा म्हणावा, तर भिजत सगळ्याच डिस्क होत्या, पण सारखा दगा सगळ्या देत नव्हत्या. उरले दोघे: पॅड आणि डिस्क.

धागा ब्रिटिश गाड्यांवर सापडला. 1970च्या दशकात ट्रायम्फ-नॉर्टनच्या बिडाच्या डिस्कना गंज चढू नये म्हणून क्रोमचा मुलामा देत. काही मालकांनी तो घासून काढला. कॅलिपर तोच, पाऊसही तोच. फक्त चमक गेली आणि ओल्या डिस्कवर ब्रेक धरू लागला!

गुळगुळीत, कठीण पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर टिकतो आणि पॅड त्यावरून घसरतो. क्रोमची जी खोड, तीच न गंजणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या डिस्कची. उघडं बीड ओल्यात चांगलं धरतं, पण एका रात्रीत तांबूस होतं. शोरूममध्ये गंजकी डिस्क कोण पसंत करणार? होंडाने 1981च्या सीबीएक्स 400 एफमध्ये बिडाची डिस्क हबच्या आवरणाआड लपवली. गंज दिसेना, पण काम किचकट झालं आणि ती रचना मागे पडली.

मग स्टेनलेस ठेवून बाकीचं बदललं. भोकांमुळे पाण्याला वाट मिळाली, कडा पॅड पुसू लागल्या. धातूची भुकटी दाबून, भाजून केलेले सिंटर्ड पॅड ओल्यातही पकडू लागले. पण फुकट काहीच मिळालं नाही. भोकांनी उष्णता सोसणारा धातू कमी केला, त्यांच्या कडांपासून तडे जाऊ शकतात. सिंटर्ड पॅड डिस्क झिजवतो आणि उष्णता ऑइलकडे ढकलतो. ऑइल हवेतली ओल पितं: डॉट 4 दर्जाचं ऑइल नवं असताना किमान 230 अंशांना उकळतं, ओल मुरल्यावर ही हमी 155 अंशांवर येते. उकळलं की बुडबुडे होतात आणि लिव्हर मऊ पडतो.

सीबीझेड (1999) आणि पुण्याच्या बजाजची पल्सर (2001) या मोटरसायकलींसोबत पुढची डिस्क आपल्याकडे रुळली. स्वस्त गाड्यांना मागे अजून ड्रमच असतो. तो उशिरा भिजतो, पण वाळतोही उशिरा. डिस्क लगेच भिजते आणि लगेच पाणी झटकते. म्हणून नाला ओलांडला की पुढचं वळण यायच्या आधी दोन्ही ब्रेक हलके दाबून बघावेत. भोकांनी तो रिकामा क्षण आखूड केला आहे, पुरता मिटवलेला नाही.